शेकडा शंभराचा निकाल

दहावीचा निकाल लागला कीं गांवोगांवच्या चौकांत ‘शंभर टक्के निकालाची अखंड परंपरा’ असे फलक झळकूं लागतात. पालक ते वाचतात, शेजारच्या शाळेशीं ताडून पाहतात आणि मुलाचें नांव कोठें घालावयाचें हें त्यावरूनच ठरवून टाकितात. शाळांची तुलना होऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या संस्था लोकांच्या पैशावर चालतात त्यांचा हिशेब लोकांनीं मागितलाच पाहिजे. परंतु तो पुरा मागावा. केवळ जमेची बाजू पाहून दुकानाची स्थिति ठरविणारा व्यापारी आमच्या पेठेंत एकही सांपडणार नाहीं.

प्रथम या टक्केवारीची चंचलता पहा. राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ सालीं शेकडा ८९.४१ होता. २०१९ सालीं नवा अभ्यासक्रम आला, भाषादि विषयांतील शाळेनें द्यावयाचे २० गुण बंद झाले, आणि निकाल ७७.१० वर उतरला. ते गुण पुन्हां सुरू होतांच २०२० सालीं तो ९५.३० वर चढला. आणि २०२१ सालीं, महामारीमुळें लेखी परीक्षाच झाली नाहीं तेव्हां, ९९.९५ झाला! महाराष्ट्रांतील शिक्षक एका वर्षीं आळशी व दुसऱ्या वर्षीं उद्योगी झाले काय? बदलली ती मोजपट्टी.

एकाच वर्षीं एकाच गांवांतील दोन शाळांची तुलना तरी खरी ठरेल, असें कोणी म्हणेल. समजा, दोहोंच्याही नववीच्या पटावर शंभर मुलें होतीं. पहिलीनें पुढील वर्षीं साठ परीक्षेस बसविलीं व साठही उतरलीं. निकाल शेकडा शंभर. दुसरीनें शहाण्णव बसविलीं व चौऱ्यायशीं उतरलीं; निकाल शेकडा साडेसत्यायशी. फलक पहिलीचा लागेल, पण चोवीस मुलें अधिक पार पोहोंचविलीं तीं दुसरीनें!

पहिलीचीं चाळीस मुलें गेलीं कोठें? कांहीं वडिलांच्या बदलीमुळें गेलीं असतील, पण चाळीस? कच्च्या मुलास नववींतच अडकवावें, दाखला हातीं देऊन वाटेस लावावें, किंवा १७ नंबरचा अर्ज भरावयास लावून ‘खाजगी’ विद्यार्थी करावें, या युक्त्या शिक्षणाच्या क्षेत्रांत कोणास ठाऊक नाहींत? आणि हा कच्चा मुलगा बहुधा ज्याच्या घरीं अभ्यास पाहणारें कोणी नाहीं अशा हमालाचा वा शेतमजुराचा असतो. ज्याच्याकरितां सार्वजनिक शाळा काढावयाची, त्यालाच दाराबाहेर घालून कीर्ति मिळवावयाची, याला शिक्षण म्हणत नाहींत.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक शाळेनें निकालाच्या फलकावर तीन आंकडे लिहावे: गतवर्षीं नववींत किती होतीं, परीक्षेस किती बसलीं, उत्तीर्ण किती झालीं. नवें दप्तर नको. पटसंख्या शाळा दरवर्षीं सरकारास ‘यूडायस’ नोंदींत कळवितच असतात. जी शाळा हे आंकडे देण्यास कचरेल, तिचें कचरणें हेंच उत्तर समजावें.

सरकारच्या हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. येत्या पालकसभेंत पालकांनीं उभें राहून एवढाच प्रश्न विचारावा: तुमच्या शंभर टक्क्यांत आमच्या गांवचीं किती मुलें धरलींच नाहींत?