हवेच्या दप्तरातील द्रावक

आयर्लंड, बार्बाडोस, सामोआ आणि टास्मानियातील केप ग्रिम या दूरदूरच्या समुद्रतीरांवर १९७८ साली हवा तपासण्याची ठाणी बसली आणि कारखान्यांतून उडून जाणाऱ्या द्रावकांची विश्वासार्ह नोंद ठेवण्यास आरंभ झाला. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ च्या सुमारास निर्माण केलेला सूक्ष्मग्राही शोधक हाताशी नसता, तर एक लक्ष कोटी रेणूंतील शंभरसव्वाशे परके रेणू कोणास दिसलेच नसते.

या नोंदींत सर्वांत उद्बोधक इतिहास आहे तो मिथाइल क्लोरोफॉर्मचा. धातूच्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी जगभर वापरल्या गेलेल्या या द्रावकाचे प्रमाण १९९० नंतरच्या एकदोन वर्षांत लक्ष कोटी रेणूंमागे सुमारे १३० पर्यंत चढले होते. परंतु १९९० च्या लंडन दुरुस्तीने त्यास ओझोनच्या थराच्या रक्षणासाठीच्या माँट्रियल तहनाम्याच्या कक्षेत आणले, प्रगत राष्ट्रांतील उत्पादन १९९६ पासून जवळजवळ बंद झाले, आणि केवळ पाच वर्षांचे आयुष्य असलेला हा वायू इतक्या वेगाने ओसरला की आज त्याचे प्रमाण दोनाच्याही खाली आहे. त्याचा नाश मुख्यत्वे हायड्रॉक्सिल या अत्यंत अल्पजीवी कणाकडून होत असल्यामुळे, भर थांबल्यावर तो ज्या गतीने घटला त्या गतीवरूनच वातावरणाच्या स्वयंशुद्धीच्या सामर्थ्याचे मापन शास्त्रज्ञांना करता आले. मिथेनसारखे वायू हवेत किती काळ टिकतात हे ठरविण्यासही याच मापनाचा आधार मिळाला. निर्बंधाचे असे अनपेक्षित फळ विज्ञानाच्या पदरी क्वचितच पडते.

कार्बन टेट्राक्लोराइडची घट मात्र संथ आहे. त्याचे आयुष्य तीसएक वर्षांचे. शिवाय कागदोपत्री दाखविलेल्या उत्पादनावरून जितकी घट अपेक्षित होती तितकी झाली नाही. १९९२ साली तहनाम्यात सामील झालेल्या भारताने नियंत्रित वापरासाठीचे त्याचे उत्पादन २०१० च्या आरंभापर्यंत थांबविले, तथापि पूर्व चीनमधून त्याचे उत्सर्जन चालूच असल्याचे पुढील मोजमापांत उघड झाले.

खरी चिंता डायक्लोरोमीथेनची आहे. आयुष्य जेमतेम सहा महिन्यांचे, म्हणून तहनाम्यात त्याला स्थान मिळाले नाही. आणि या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्याचे हवेतील प्रमाण सुमारे दुपटीने वाढले. त्यातही आशियातील उत्सर्जनाला पावसाळी वाऱ्यांचे ऊर्ध्वप्रवाह त्वरेने उंचावर, ओझोनच्या थराकडे नेतात, तेव्हा अल्पायुष्याचा युक्तिवाद आपल्या खंडापुरता तरी लंगडा पडतो. हा द्रावक वापरणाऱ्या औषधनिर्मितीच्या कारखान्यांनी त्याची वाफ पकडून पुन्हा वापरात आणावी, आणि भारत सरकारने त्याचा समावेश तहनाम्यात व्हावा असा आग्रह स्वतःहून धरावा.