जुन्या जीपचे ब्रेक

जव्हारहून वावरकडे उतारावर आमच्या जुन्या महिंद्र जीपचे ब्रेक पेडल एकदम तळाला गेले. गिअर पाडून गाडी कशीबशी थांबवली. चूक आमचीच, ब्रेक ऑइल कमी होतंय म्हणून नुसते ओतत राहिलो. ड्रम उघडला तर व्हील सिलिंडर पाझरून लायनर भिजलेले! असे लायनर पेट्रोलने धुऊन भागत नाही, समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. धूळ फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसा. इंजिन ऑइल तर ओतूच नका, रबरी कप फुगतात. शू घासेपर्यंत ॲडजस्ट करून चाक मोकळे फिरेल इतके मागे घ्यावे. मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून हवा काढावी, पेडल कडक लागेपर्यंत.