रोज जिम मारली तर ताकद लवकर वाढते का? (भागाची लिखित प्रत)

ज्यांना बसमध्ये इयरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी ही लिखित प्रत. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं... अं..." काढलेत.

आजचा प्रश्न माझ्या मामेभावाचा. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. मैदानी चाचणी ५० गुणांची: १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा. त्यामुळे साहेब रोज सकाळी पळतात आणि रोज संध्याकाळी जिममध्ये छाती, खांदे, स्क्वॉट, सगळं मारतात. परवा फोनवर म्हणाला, "दादा, तीन आठवडे झाले, बेंच प्रेसचं वजन वाढायचं सोडून कमी व्हायला लागलंय. अजून दोन सेट वाढवू का?"

नाही रे बाबा. सेट राहू दे, आधी दिवस कमी कर. का, ते बघू.

वजन उचलताना स्नायू वाढत नसतो. त्या वेळी त्याच्या तंतूंवर ताण येतो, साठवलेलं ग्लायकोजेन खर्च होतं आणि शरीराला निरोप जातो की इथे डागडुजी हवी आहे. नवीन प्रथिनं बसवायचं काम पुढच्या तासांमध्ये चालतं. किती तास, हे मोजलेलं आहे. १९९०च्या दशकात कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी तरुण मुलांना एकाच हाताच्या बायसेप्सचा जड व्यायाम करायला लावला आणि दुसरा हात तुलनेला तसाच ठेवला. व्यायाम केलेल्या हातात प्रथिनं बनायचा वेग ४ तासांनी ५० टक्के जास्त होता. २४ तासांनी तो १०९ टक्के जास्त, म्हणजे दुपटीच्याही वर. ३६ तासांनी जवळपास मूळ जागी. १९९७च्या आणखी एका अभ्यासात, कधी वजनं न उचललेल्या लोकांमध्ये, ४८ तासांनंतरही वेग ३४ टक्क्यांनी जास्त सापडला. दोन्हीकडे माणसं मोजकीच होती, त्यामुळे आकडे अगदी घट्ट धरू नका. पण दिशा स्पष्ट आहे. भाऊ २४ तासांनी परत तोच स्नायू धरतो, तेव्हा तिथलं काम सगळ्यात जोरात चालू असतं.

म्हणून नवशिक्यांना सांगतात की एकाच स्नायूच्या दोन जड व्यायामांमध्ये साधारण ४८ तास जाऊ द्या. "एकाच स्नायूच्या" हे शब्द महत्त्वाचे. आज छाती आणि उद्या पाय चालतात. स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट अगदी दम निघेपर्यंत मारले असतील तर ७२ तासही लागू शकतात. हलके दोन-तीन सेट असतील तर एक दिवस पुरतो.

आता गंमत बघा. आपल्याकडच्या जिममध्ये ट्रेनर "सिंगल मसल"चं शेड्यूल देतात: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, असं करत आठवडा. त्यात छातीला पुढची पाळी सात दिवसांनी मिळते. वरच्या हिशोबाने काम दोन दिवसांत उरकतं आणि पुढचे चार-पाच दिवस तो स्नायू नुसताच बसून असतो. २०१६ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात आठवड्यातून एकदापेक्षा दोनदा केलेला व्यायाम स्नायू वाढायला सरस ठरला. अर्थात आठवड्याचे एकूण सेट सारखेच ठेवले तर फरक फारसा उरत नाही, म्हणून ट्रेनरशी भांडायला जाऊ नका.

भावाला मी दिलेलं वेळापत्रक असं: सोमवार-गुरुवार छाती, खांदे, पाठ. मंगळवार-शुक्रवार पायांची वजनं, आणि वेगाचं पळणंही त्याच सकाळी, कारण पळणं हासुद्धा पायांचाच व्यायाम आहे. बुधवार-शनिवार हळू जॉगिंग. रविवारी काही नाही. ग्राउंडच्या तारखेआधी शेवटचा जड पायांचा व्यायाम चार-पाच दिवस आधीच उरकायचा.

"पण दादा, अंग दुखत नसेल तर?" दुखणं ही चांगली मोजपट्टी नाही. ते लॅक्टिक अ‍ॅसिडमुळे होतं असं जिममध्ये अजून सांगतात, पण ते तर तासाभरात निवळतं. दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत टोकाला जातं. नवीन प्रकारचा व्यायाम किंवा वजन हळूहळू खाली आणणं, यात ते जास्त. तोच व्यायाम परत केला की कमी दुखतं, कारण शरीर सरावतं. त्यापेक्षा वही ठेवा. मागच्या वेळी ४० किलोचे १० रेप्स निघाले आणि आज ७ वरच हात थरथरतोय, तर विश्रांती कमी पडली आहे. मी फोनमधल्या साध्या नोट्समध्येच लिहितो, त्यासाठी अ‍ॅप लागत नाही (हे एक इंजिनियर सांगतोय).

मग तालमीतले पैलवान रोज जोर-बैठका कसे मारतात? एक तर वजन स्वतःच्याच शरीराचं, आणि ते प्रमाण वर्षानुवर्षं थोडं थोडं वाढवलेलं. शिवाय त्यांचा दिवस बघा: पहाटे मेहनत, मग खुराक, दुपारी झोप. आपण जिममधून निघून नऊ तास खुर्चीत आणि रात्री एकपर्यंत रील्स. २०२१ साली ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात १३ तरुणांना एक रात्र जागं ठेवलं, तर प्रथिनं बनायचा वेग १८ टक्क्यांनी घसरला. रिलीजच्या जागरणानंतर मी स्क्वॉट सरळ पुढे ढकलतो.

शेवटचं, आणि हे विनोदात घेऊ नका. एकदम खूप व्यायाम केल्यावर स्नायू सुजले, दुखणं सहन होईना आणि लघवी कोरा चहा किंवा कोलासारखी गडद झाली, तर स्नायूंचे तुकडे रक्तात उतरून किडनीवर ताण येत असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्वतःच्या मनाने पेनकिलर घेऊन घरी थांबू नका, त्यातल्या काही गोळ्या किडनीला आणखी त्रास देतात.