धुरासोबत वाढलं, धुरासोबत ओसरलं

लायकेन दिसलं की हवा शुद्ध, असं आपण सर्रास म्हणतो. हे किती अर्धवट आहे, ते लेकॅनोरा कोनिझिऑइडिस या लायकेनचा गेल्या दीडशे वर्षांतला प्रवास पाहिला की लक्षात येतं.

आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच, पण ते पानासारखं पसरतं. लेकॅनोरा मात्र खोडाला इतकं घट्ट धरून असतं की सालीसकटच खरवडावं लागतं. भिंगाखाली राखाडी-हिरवट, भेगाळलेला, दाणेदार थर दिसतो आणि त्यावर मिलिमीटरभराच्या फिकट तपकिरी चकत्या. बोट फिरवलं तर पूड लागते. या पुडीच्या कणाकणात लायकेन घडवणारी बुरशी आणि शैवाल दोन्ही असतात; कण वाऱ्याने जिथे टेकेल तिथे नवा संसार सुरू होऊ शकतो.

पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या लायकेनवरून हवेची प्रत ओळखता येते, हे लायकेन-अभ्यासक विल्यम नायलँडर यांनी 1866 मध्ये मांडलं. त्याच काळात इंग्लंडात कोळशाचा धूर वाढत होता. त्यातल्या सल्फर डायऑक्साइडने साली आम्लधर्मी झाल्या, इतर लायकेन मरत गेली आणि पूर्वी ब्रिटनमध्ये जवळजवळ माहीतच नसलेली ही जात मोकळ्या झालेल्या खोडांवर पसरली. तिला आम्लधर्मी साल मानवते. शिवाय तिचा पृष्ठभाग पाणी झटकून टाकतो, त्यामुळे पाण्यात विरघळलेलं विष सहजी आत शिरत नाही. मला तर ही तिची सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

डिसेंबर 1952 मध्ये लंडनच्या विषारी धुक्याने हजारो बळी घेतले, 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. हॉक्सवर्थ आणि रोझ या अभ्यासकांनी 1970 मध्ये खोडांवरच्या लायकेनवरून सल्फर डायऑक्साइड मोजायची पट्टी तयार केली. तिच्या अतिप्रदूषित टोकाला तग धरणारं लायकेन हेच.

पुढे हवेतलं गंधक घटलं आणि ही जातही हटली. आग्नेय इंग्लंडमधल्या ओकवरून ती नाहीशी झाल्याची नोंद 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. आज ती शोधायची तर पाइन, लार्चसारख्या मुळातच आम्लधर्मी सालींवर किंवा जुन्या लाकडी कुंपणांवर. तिच्या जाण्याचा मला आनंदच आहे. पण रिकाम्या झालेल्या खोडांवर बऱ्याच ठिकाणी झँथोरिया हे पिवळं लायकेन पसरलंय. त्याला नायट्रोजन मानवतो, आणि तो येतोय शेतीतल्या अमोनियातून आणि वाहनांच्या धुरातून.