भीती आणि भीड : अनोळखी माणसाचा फोटो काढताना

आजचा विषय तत्त्वज्ञानाचा वाटणार नाही. पण आहे, बरं का.

निवृत्तीनंतर मी कॅमेरा घेतला. आयुष्यभर भरलेल्या वर्गांसमोर बोललो. पण शिरूरच्या आठवडे बाजारात एखाद्या भाजीवालीसमोर कॅमेरा वर करायला हात धजेना. मग मी काय केलं? एका टेम्पोच्या आडोशाला उभा राहिलो, लांबची लेन्स लावली आणि चोरून फोटो काढू लागलो. पाच मिनिटांत मेथीच्या जुड्यांमागून एक आजी ओरडल्या, "ओ बाबा, मगाधरनं बघतीये मी. मेथी पायजे का फोटू?" आजूबाजूचे सगळे वळून पाहू लागले. मी घरी आलो. पुढे दोन महिने कॅमेरा कपाटात!

झाँ-पॉल सार्त्र या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४३ साली 'बीइंग अँड नथिंगनेस' या ग्रंथात एक प्रसंग कल्पिला आहे. एक माणूस दाराच्या किल्लीच्या भोकातून आत डोकावतो आहे. स्वतःचं भानच नाही. एवढ्यात मागे पावलं वाजतात आणि तो शरमेनं गोठतो. पाहणारा स्वतःच पाहिला जातो. टेम्पोआडून माझं तेच झालं. म्हणजे मला त्या आजींची भीती नव्हती. चोरून पाहताना पकडलं जाण्याची होती. यावरचा उपाय निदानातच आहे. आडोसा सोडायचा. आधी आपण दिसायचं.

प्रत्यक्षात हे कसं करायचं? कॅमेरा पिशवीत लपवू नका, गळ्यात ठेवा. एकाच जागी तासभर रेंगाळा. लोकांना तुमची सवय होते. खरेदी करा, बोला, विचारा. "नको" म्हटलं तर "बरं" म्हणून कॅमेरा खाली घ्या. अगदीच धीर होत नसेल, तर तुकोबांची पालखी दौंड तालुक्यात यवतला मुक्कामी असते, तिथे जा. पिठलं-भाकरीच्या पंगतीत कॅमेऱ्याचं कुणाला नवल वाटत नाही. संदेश भंडारे यांनी तमाशा आणि वारी, सुधारक ओलवे यांनी मुंबईचे सफाई कामगार टिपले. अशी कामं एका फेरीत होत नाहीत. माणसांकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं.

मात्र इथे एक गफलत होते. भीती गेली म्हणजे सगळं साधलं, असं आपण धरून चालतो. दौंड स्टेशनवर एकदा रात्री गाडीची वाट पाहत एक बाई लेकराला कुशीत घेऊन फलाटावर झोपली होती. मी फोटो काढला. भीती? अजिबात नाही! का नाही? कारण ती मला पाहूच शकत नव्हती, नकारही देऊ शकत नव्हती. फोटो सुरेख आला होता. गाडीत बसल्यावर मी तो पुसून टाकला.

मराठीत दोन शब्द आहेत. भीती म्हणजे माझं काय होईल. भीड म्हणजे समोरच्याला काय वाटेल. 'भीड भिकेची बहीण' असं आपण म्हणतो. पण भीड साफ मेली की धिटाई उरत नाही, निगरगट्टपणा उरतो. रस्त्यावर फोटो काढायला कायद्याची सरसकट बंदी नाही. तरी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. आणि कायदा जिथे गप्प असतो, तिथे भीडच बोलते. म्हणून भीती घालवा, भीड जपा.

त्या आजींचं काय झालं? मी परत गेलो. दोन जुड्या घेतल्या आणि विचारलं. त्यांनी पदर सारखा केला, म्हणाल्या, "हां, काढा आता." पुढच्या बाजारी छापील फोटो नेऊन दिला. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "तोंड बरं आलंय. पण बाबा, मेथी निम्मी कापली की!"

टीका रास्त होती. आता मेथीसकट काढतो.