नकाशा, आकार आणि जमिनीचें मोल

जमीन ताब्यांत आहे, सातबाऱ्यावर नांव आहे, मग नकाशाची उठाठेव कशाला, असा प्रश्न मावळांतील पुष्कळ खातेदार आम्हांस करितात. आमच्या आयुष्याचा मोठा भाग महसुली दप्तरांत गेला आहे, व त्या अनुभवावरून आमचें सांगणें एवढेंच कीं, जमीन कोणाची व किती हें सातबारा सांगतो. ती कोठें आहे हें नकाशाच सांगतो. जमीन विकतांना किंवा सरकारांत जातांना तिचें मोल बहुतांशीं या 'कोठें' वरच ठरतें.

आपल्याकडील मोजणीची रयतवारी पद्धत १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं बसविली. तेहतीस फुटी सांखळीनें शेत मोजावें, आण्यांच्या हिशेबानें मातीची प्रतबंदी करावी आणि तीस वर्षांकरितां आकार बांधून द्यावा, असा तिचा सांचा होता. एक सांखळी लांब व एक सांखळी रुंद म्हणजे गुंठा, व चाळीस गुंठ्यांचा एकर, हा हिशेब आजही आपल्या तोंडीं आहे. पुढें १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वयें पुष्कळ गांवीं सर्व्हे नंबरांचे गट झाले. म्हणजे नकाशा त्या त्या वेळीं नीट काढला गेला. परंतु त्यानंतर घरोघर वांटण्या झाल्या, बांध सरकले, खाचरें फुटलीं, आणि नकाशा जेथल्या तेथें राहिला.

याचा परिणाम पहावा. समजा, सहा एकरांच्या गटांत तीन भाऊ आहेत. सातबाऱ्यावर प्रत्येकीं दोन एकर लागले आहेत, परंतु पोटहिस्स्याची मोजणी झालेली नाहीं. रस्त्याकडील तुकडा थोरला कसतो, ओढ्याकडील धाकटा. उद्यां रस्ता रुंद करण्यास वीस गुंठे गेले, तर ते कोणाचे? थोरला म्हणतो माझे. धाकटा म्हणतो, गट एक, नकाशा एक, तेव्हां पैसा तिघांचा. मग वाद मिटेपर्यंत रक्कम अडकून पडते आणि भाऊ भावास पारखा होतो. आपल्या तालुक्यांतून लोहमार्ग गेला, जुना मुंबई-पुणें रस्ता गेला, पवनेवर धरण झालें, २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला. अशा तालुक्यांत ही गोष्ट केवळ कल्पनेची मानूं नये.

आतां मोलाकडे वळूं. दस्तावर किती मुद्रांक लागेल हें ठरविण्यास सरकार वार्षिक मूल्यदर तक्ता काढतें. त्यास लोक रेडी रेकनर म्हणतात. ग्रामीण भागांतील जिराईत जमिनीचे दर त्यांत आकाराच्या पायरीवर बसविलेले असतात. म्हणजे जुन्या प्रतबंदींतून उतरलेला आकार आजही किंमतीचा पाया आहे. जमीन बागाईत कीं जिराईत, हें पाहतांना सातबाऱ्यावरील पिकाच्या नोंदी पाहतात. पवनेच्या पाण्यावर ऊंस उभा आहे आणि कागदावर मात्र पड, अशी स्थिति असल्यास नुकसान कोणाचें?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानें बाजारभाव काढतांना मुद्रांकाचा हा दर आणि जवळपासच्या मागील तीन वर्षांतील खरेदीखतांवरून काढलेली सरासरी, यांपैकी जो आंकडा अधिक तो धरावयाचा असतो. म्हणून खरेदीखतांत खऱ्यापेक्षां कमी किंमत लिहिण्याची जी खोड आहे, ती सर्व गांवाच्या मुळावर येते. चार पैसे मुद्रांक एकाचा वांचतो आणि मोबदला शेजाऱ्यांचा घटतो.

हल्लीं मोजणीचीं साधनें पालटलीं आहेत. शंकु-सांखळीच्या जागीं उपग्रहाच्या खुणेवर चालणारें रोव्हर आलें आहे. आपल्याच जिल्ह्यांतील सोनोरी गांवीं ड्रोननें गांवठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २०२० सालीं केंद्र सरकारनें स्वामित्व योजना सुरू केली. पण ही योजना गांवठाणापुरती आहे. शेताच्या पोटहिस्स्यासाठीं अर्ज खातेदारानेंच करावा लागतो. मोबाईलवर दिसणारा गटाचा नकाशा माहितीपुरता पहावा. त्यावर भिस्त ठेवून बांध कोरूं नये.

तेव्हां आमची सूचना अशी आहे. वारसा किंवा वांटणी झाल्यास तीन महिन्यांच्या आंत गांवच्या महसूल अधिकाऱ्यास, म्हणजे पूर्वींच्या तलाठ्यास, वर्दी द्यावी. वांटणी सर्वांच्या संमतीनें तहसीलदारापुढें करून घ्यावी. नंतर भूमि अभिलेख कार्यालयांत पोटहिस्स्याच्या मोजणीचा अर्ज द्यावा, व मोजणीच्या दिवशीं सर्व भावांनीं आणि लगतच्या कब्जेदारांनीं शेतावर हजर रहावें. नकाशाची 'क' प्रत मागून घ्यावी, आकारफोड होऊन फेरफार पडला कीं नाहीं हें स्वतः पहावें. हद्दीचे दगड शाबूत ठेवणें ही कायद्यानें खातेदाराचीच जबाबदारी आहे, हेंही विसरूं नये. पिकाची नोंद दर हंगामीं ई-पीक पाहणींत स्वतः करावी.

मोजणीची फी भरतांना जड वाटते, हें आम्ही जाणतों. परंतु कोर्टांतील एका तारखेचा खर्च तिच्याशीं ताडून पहावा. थोरलीं माणसें हयात आहेत, कोणता बांध कोणी घातला हें त्यांस ठाऊक आहे. तोंवर हें काम उरकून घेणें शहाणपणाचें. त्यांच्या मागें साक्ष देण्यास नकाशाखेरीज दुसरें कोणी उरत नाहीं.