पावसाळ्यांतील मोहोळ आणि राणीमाशी

परसांत सातेरी मधमाश्यांच्या एक-दोन पेट्या बाळगणाऱ्या कुटुंबांस चैत्र-वैशाखांत कौतुकाखेरीज फारसें काम नसतें. आषाढ लागला कीं चित्र पालटतें. चौकटींवर माश्या विरळ दिसूं लागतात, मधकोठी रिती पडते आणि घरांतील मंडळी निकाल देऊन मोकळी होतात कीं, राणी म्हातारी झाली. ती काढून टाकावी. हा निकाल बहुधा घाईचा असतो असें आम्हांस वाटतें.

मुळांत ‘राणी’ हें नांवच दिशाभूल करणारें आहे. प्राचीन ग्रीक पंडित तिला राजा समजत. सतराव्या शतकांत हॉलंडच्या स्वामरडामनें सूक्ष्मदर्शकाखालीं तिचें अंडाशय दाखविलें. परंतु राज्य ती तेव्हांही करीत नव्हती व आजही करीत नाहीं. अंडीं घालावीं आणि आपल्या गंधानें घर एकत्र ठेवावें, एवढेंच तिचें काम. तिला भरविणाऱ्या कामकरी माश्या. बाहेरून मध व पराग येईनासे झाले कीं त्या हात आखडतात व अंडीं आपोआप कमी होतात. कणगी रिकामी असतां सुनेच्या स्वयंपाकास नांवें ठेवण्यापैकींच हा प्रकार!

राणी आहे कीं नाहीं, हें पाहण्यास तिला शोधीत बसण्याचें कारण नाहीं. उघडीप पाहून एक चौकट उजेडाकडे धरावी. घराच्या तळाशीं मधोमध एकेक अंडें दिसलें, तर गेल्या तीन दिवसांत राणी तेथें होती हें निश्चित. कारण चौथ्या दिवशीं अंड्याची अळी होते. एकाच घरांत चार-पांच अंडीं, तींही भिंतींना चिकटलेलीं, असलीं तर राणी केव्हांच गेली व कामकरी माश्या अंडीं घालीत आहेत असें समजावें. त्यांतून केवळ नर निपजतात.

राणी जिवंत असेल तर भर पावसांत ती मारूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों. नवी राणी अंड्यापासून सुमारें सोळा दिवसांत बाहेर पडते खरी, पण तिचा नरांशीं संयोग उंच हवेंत, उडतां उडतां होतो. झडींत ती उडणार कशी? नरही त्या दिवसांत दुर्मिळ. संयोगावांचून राहिलेल्या राणीला नरांचीच प्रजा होते, आणि मोहोळ बुडतें.

त्याऐवजीं समभाग साखर व पाणी यांचा पाक सायंकाळीं पेटीच्या आंत ठेवावा. थेंबही बाहेर सांडूं नये, नाहींतर शेजारचें बळकट मोहोळ लुटावयास येतें. माश्यांनीं न झांकलेलीं पोळीं काढून घ्यावीं, कारण मेणकिड्याचा शिरकाव तेथूनच होतो. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले कीं मुंग्यांची काळजी मिटते. इतकें न केल्यास सातेरी माशी एके दिवशीं घरच सोडून जाते.

दोन पेट्या दुबळ्या असतील तर दोन्ही जपण्याचा मोह सोडावा व त्या एकत्र कराव्या. यांत एका राणीचा जीव जातो, आणि आमच्यासारख्या घरांत हात कचरतो हें आम्ही जाणतों. पण एकीसाठीं दोन्ही मोहोळें गमावणें ही दया नव्हे. चांगलीं अंडीं घालणारी राणी राखावी. तिच्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद अंथरून वर राणी काढलेली पेटी ठेवावी. माश्या एक-दोन दिवसांत कागद कुरतडतात; तोंवर दोहोंचा गंध मिसळलेला असतो व मारामारी टळते.

मात्र अळ्या घरांत ताणून मेलेल्या व पाण्याच्या पिशवीसारख्या दिसल्या, तर पेट्या जोडूं नयेत. थाई सॅकब्रूड नांवाच्या याच विषाणुरोगानें १९९१-९२ सालीं दक्षिण हिंदुस्थानांत सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या.

राणी खरोखरच थकली असेल तर पाऊस ओसरेपर्यंत थांबावें. पुढें फुलोरा येऊन नरांचीं घरें दिसूं लागतात. सातेरीच्या नरघराच्या झांकणास मधोमध बारीक छिद्र असतें. तीं घरें फुटून नर उडूं लागले म्हणजे राणी बदलण्यास हरकत नाहीं.